व्हायब्रेटिंग लॅपवर (थरथरत्या परातीत दगड घासून झिलई देणारं यंत्र) अकीकाच्या (अ‍ॅगेट) चकत्यांची कड आरशासारखी चमकते, पण मधला भाग धुरकट राहतो. काय चुकतंय?

तुम्ही दिलेली माहिती अशी: 15 इंची परात, साधारण 5 इंच व्यासाच्या आणि 8 मिलिमीटर जाडीच्या चकत्या, दोन दिवस 220 दाणा (सिलिकॉन कार्बाइडची घासायची पूड, आकडा मोठा तेवढी बारीक), मग 600, शेवटी झिलईची पावडर सेरियम ऑक्साइड. कडेला झकास झिलई, मध्यभागी धुकं, आणि दोन चकत्या एकाच जागी चिकटून बसतात. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यामुळे वेगवेगळं बघू.

आधी मधल्या धुक्याचं. सेरियम बदलून, नमदा (पॉलिशच्या वेळी परातीत अंथरायचा दाबलेल्या लोकरीचा थर) बदलून काही होणार नाही, कारण दोष पॉलिशचा नाही. करवतीचं पातं जरा जरी वाकडं चाललं की कापाची एक बाजू फुगीर आणि समोरची खोलगट निघते. खोलगट बाजू परातीवर ठेवली की घासली जाते फक्त कड. मधला भाग परातीच्या सपाट तळाला नीट टेकतच नाही. शेवटी नमदा मऊ असल्यामुळे थोडा आत शिरतो आणि तिथल्या खरबरीतपणावर अर्धवट चमक आणतो. तेच तुम्हाला धुकं दिसतंय.

खात्री करायची सोपी रीत आहे. चकती धुऊन कोरडी करा आणि पूर्ण पृष्ठभागावर शिसपेन्सिलीने उभ्या-आडव्या रेषांची जाळी काढा. 220 वर अर्धा तास फिरवून उचला. मधल्या रेषा शिल्लक असतील तर सपाटी अजून आलेलीच नाही. रेषा सगळीकडून सारख्या जाईपर्यंत, म्हणजे जाळी पुन्हा काढली तरी अर्ध्या तासात पूर्ण पुसली जाईपर्यंत, पुढच्या दाण्याकडे जायचं नाही. घड्याळ बघून टप्पा संपवणं हीच बहुतेकांची चूक असते. करवतीच्या खुणा खोल असतील तर 220 वर दिवसचे दिवस जातील. तिथे सरळ 80 पासून सुरुवात करा आणि काप सुटताना कडेला राहिलेलं टोक आधी चाकावर काढून टाका, नाहीतर चकती त्या टोकावर डुलत राहते.

उलट तक्रार असती, म्हणजे मध्य चमकतो आणि कड मंद, तर परात तपासा म्हणालो असतो. वर्षानुवर्षं वापरून तळ मध्ये झिजतो आणि त्या खोलगट तळावर प्रत्येक चकती फुगीर होते. पोलादी पट्टी आडवी धरून खाली उजेड दिसतो का बघायचं. तशीही एकदा बघून घ्या.

आता चिकटण्याबद्दल. या यंत्रात मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन असतं. ते फिरलं की स्प्रिंगवरची परात बारीक गोल हेलकावे खाते आणि दगड स्वतःभोवती गरगरत हळूहळू परातीलाही फेरी मारतो. ही दुहेरी फिरकी असेल तरच पृष्ठभाग सपाट होतो. चकती थांबली की एकाच दिशेला चरे पडतात.

थांबण्याची कारणं मी या क्रमाने तपासेन. पहिलं पाणी. 15 इंची परातीला दोन मोठे चमचे दाणा आणि सुमारे अर्धी वाटी पाणी एवढ्यावर सुरू करा. मिश्रण धिरड्याच्या पिठासारखं सरसरीत हवं. घट्ट झालं की चकती त्यात रुतते, पातळ झालं की दाणा कडेला जाऊन बसतो आणि चकती नुसती पाण्यावर तरंगते. दगडाचा भुगा मिसळत गेला की मिश्रण आपोआप दाटतं, म्हणून दर तीन-चार तासांनी चमचाभर पाणी लागतंच. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला तर पाण्याचा थर दगडाला धरून ठेवत नाही. मात्र जास्त टाकलात तर फेसच होईल.

दुसरं वजन. तुमच्या मापाची चकती जेमतेम 250 ग्रॅम भरते. ती हलकी आहे, नुसती थरथरते, घासत नाही. पाठीवर तेवढंच किंवा दुप्पट शिसं मेणाने चिकटवा, बरोबर मध्यावर. वजन कडेला सरकलं की त्या बाजूने जास्त झीज होऊन पाचर तयार होते. तिसरं गर्दी. या परातीत या मापाच्या तीन चकत्या, फार तर चार. पाचवी कोंबली की सगळ्या एकमेकींना अडवतात. चौथं पाणसळ. परात रिकामी असताना लेव्हल ठेवून बघा, दोन्ही दिशांनी.

आणि एक कारण कुणी सहसा सांगत नाही. यंत्र अमेरिकेतून आलेलं असेल तर मोटर 110 व्होल्ट, 60 हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. आपल्या 50 हर्ट्झवर मिनिटाला 1725 फेरे मारणारी मोटर साधारण 1440 वर येते. असंतुलित वजनाचा झटका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे उरतो जेमतेम सत्तर टक्के. परात हलताना दिसते पण चकत्या आळसावतात. दांड्यावरचं वजन समायोजित करता येणारं असेल तर ते वाढवा. शिवाय अशी मोटर आपल्याकडे जास्त तापते, पहिल्या तासात हात लावून बघत राहा. कायमचा उपाय म्हणजे आपल्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची मोटर बसवणं आणि त्याप्रमाणे वजन जुळवणं.

दाण्याबद्दल. सिलिकॉन कार्बाइड अकीकापेक्षा बरंच कठीण असतं, पण ठिसूळही. ते चालता चालता फुटून बारीक होतं. म्हणून खडबडीत टप्प्यात दर आठ-दहा तासांनी नवा दाणा घालावा लागतो, पण टप्पा संपत आला की घालायचा नाही. शेवटचे काही तास फुटलेल्या दाण्यावरच चालू द्या. पृष्ठभाग आपसूक गुळगुळीत होतो आणि पुढच्या 600 चं काम निम्मं होतं. 600 नंतर मी 1000 ची पायरी सुचवेन. सक्तीची नाही, पण सेरियमचा वेळ आणि खर्च दोन्ही वाचतात.

दोन टप्प्यांमध्ये धुण्याचा कंटाळा करू नका. परात, चकत्या, कडेच्या रबरी पट्ट्या, वरची वजनं, सगळं धुवायचं. अकीकाच्या भेगांत जुन्या टूथब्रशने घासा. नमद्यावर 220 चा एक दाणा पोचला तरी नखाच्या आकाराचे वाकडे ओरखडे येतात आणि मग पुन्हा 600 वर उतरावं लागतं. करवतीत तेल वापरलं असेल तर काप आधी गरम साबणाच्या पाण्यात मुरवून धुवा. तेल राहिलं तर मिश्रणाच्या गुठळ्या होतात.

कडांसाठी प्रत्येक चकतीला मऊ रबराची पट्टी गुंडाळा, तळापासून दोन-तीन मिलिमीटर वर, म्हणजे पट्टी घासली जात नाही. त्याआधी हिऱ्याच्या हातपॅडने धार मारून मिलिमीटरभर उतार द्या. टोकदार कडेचा टवका उडाला तर तो गारेचाच तुकडा असतो आणि परातीत फिरत ओरखडे काढत बसतो.

दगड जळगाव, छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिककडच्या बेसाल्टच्या पोकळीतला असेल तर आणखी एक अडचण संभवते. त्यात अकीकाशेजारी अनेकदा कॅल्साइट किंवा स्टिलबाइट ही मऊ खनिजं असतात. अकीकाची कठीणता साडेसहा ते सात, स्टिलबाइटची साडेतीन-चार, कॅल्साइटची तीन. मऊ भाग लवकर झिजून खड्डा पडतो, आणि मऊ नमद्यावर तो वाढतच जातो. अशा चकतीला नमदा कठीण आणि वेळ कमी, हाच उपाय. मधली स्फटिकांची पोकळी वितळलेल्या मेणाने भरून घ्या, नाहीतर तिथे लपलेला दाणा पॉलिशच्या वेळी नेमका बाहेर येतो. मेण काढताना उकळतं पाणी ओतू नका, अकीक तडकतो. कोमट पाण्यापासून हळूहळू तापवत जा.

पॉलिशसाठी दोन-तीन चमचे सेरियम ऑक्साइड घट्ट दुधासारखं कालवून नमद्यावर पसरा. नमदा ओलसर हवा, डबडबलेला नको. शेवटच्या टप्प्यात तो थोडा सुकू लागला की झिलई झपाट्याने चढते, पण तेव्हा यंत्र सोडून जाऊ नका, चकती अडकते. एका नमद्यावर एकच पावडर. वेळ बारा ते चोवीस तास.

तपासताना चकती पुसून कोरडी करा. ओला दगड नेहमी चांगलाच दिसतो, कारण पाणी ओरखडे भरून काढतं. दिव्याचं प्रतिबिंब तिरपं पाडा आणि दहापट भिंगाने मध्यभाग बघा. बारीक खड्डे दिसले तर 600 अपुरं झालंय, लांब ओरखडे दिसले तर कुठेतरी धुणं राहिलंय.

परातीतला गाळ मोरीत ओतू नका, नळीत बसून दगडासारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी ओता आणि खालचा लगदा ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. सुकल्यावर त्याची धूळ उडते आणि ती सिलिका असते. गुजरातेतल्या खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार पसरला तो अशाच धुळीने. सांडलेलं मिश्रण झाडूने नाही, ओल्या फडक्याने पुसा.