पद एक, अर्ज दोघांचे

प्रश्न : मॅडम, मी २६ वर्षांचा आहे. एका सुपरमार्केटमध्ये चार वर्षं काम करतोय, सध्या सहायक व्यवस्थापक आहे. नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून व्यवस्थापनाची पदवीही करतो आहे. आमचे मॅनेजर दोन महिन्यांनी दुसऱ्या शाखेत जाणार आहेत. 'तुझंच नक्की समज' असं ते मला म्हणाले होते, म्हणून मी घराच्या बुकिंगची बोलणीही सुरू केली. आता आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेल्या दुसऱ्या सहायक व्यवस्थापकानंही त्याच पदासाठी अर्ज केलाय. माणूस चांगला आहे, आम्ही जेवायला एकत्र बसतो. गेल्या महिन्यात त्याच्या स्टॉकच्या अहवालात मला एक चूक दिसली. मी बोललो नाही आणि अहवाल तसाच वर गेला. त्याच्या नोकरीत दीड वर्षाचा खंड आहे. तो मानसिक आजारामुळे पडला, हे त्यानं मला विश्वासानं सांगितलंय. हे साहेबांना कळायला हवं का, असं सारखं मनात येतं. रविवारी 'द प्रमोशन' नावाचा सिनेमा पाहिला. खूप हसलो, आणि रात्रभर झोप लागली नाही. मी काय करू?

उत्तर : आधी त्या दीड वर्षाबद्दल. ते कुणालाही सांगू नकोस. साहेबांना नाही, घरी नाही, 'सहज बोलता बोलता निघालं' असंही नाही. ती त्याची गोष्ट आहे, कुणाला सांगायची ते तोच ठरवील. पदासाठी माणूस आज काम कसं करतो हे बघायचं असतं, आणि आठ महिने तो तुझ्यासमोर काम करतो आहे. हा विचार मनात आल्याची तुला लाज वाटली असेल, तर तेवढी पुरे. मनात आलेलं तू केलं नाहीस आणि मला लिहिलंस, यावरूनच तुझं मन कुठे आहे ते मला कळलं.

तो सिनेमा मीही पाहिला आहे. २००८ सालचा, स्टीव्ह कॉनराड यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. शिकागोतल्या एका सुपरमार्केटमध्ये दोन सहायक व्यवस्थापक आणि नव्या शाखेचं एकच मॅनेजरपद. शॉन विल्यम स्कॉटचा डग 'मलाच मिळणार' असं धरून चालतो, आणि मग कॅनडाहून जॉन सी. रायलीचा रिचर्ड येऊन दाखल होतो. तुझ्या गोष्टीशी इतका जुळणारा सिनेमा नेमका रविवारी तुझ्यासमोर आला, मग झोप कशी लागणार!

मला त्या सिनेमात सगळ्यात जास्त काय आवडतं, सांगते. त्यात खलनायक नाही. डगच्या घरची ओढाताण आपल्याला दिसते आणि रिचर्डची धडपडही दिसते. स्वतःला सावरण्यासाठी तो प्रेरणादायी भाषणांच्या टेप ऐकत बसतो. दोघांनाही संसार आहे, दोघांनाही ते पद हवंय, आणि दोघंही अधूनमधून अशा गोष्टी करतात की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. आपण हसू शकतो, कारण कॅमेरा आपल्याला दोन्ही घरांत नेतो. तुझ्या दुकानात असा कॅमेरा नाही. तुला त्याचा फक्त अर्ज दिसतो आणि तो अर्ज आपल्या घरावर घाला घालायला आलाय असं वाटायला लागतं. पण त्यानं अर्ज तुझ्याविरुद्ध केलेला नाही. तू जितक्या हक्कानं केलास, तितक्याच हक्कानं त्यानं केला.

आता घर. डग आणि त्याची बायको बढती गृहीत धरून घरात पैसे घालतात आणि तिथून त्याची खरी फरफट सुरू होते. तू अजून बोलण्यांपर्यंतच आहेस, तिथेच थांब. 'तुझंच नक्की' हे तुझ्या साहेबांनी मनापासून म्हटलं असेल, पण ते स्वतः शाखा सोडून चालले आहेत. अशा नेमणुकीवर सही बहुतेक वेळा वरचा माणूस करतो आणि त्यानं तुला शब्द दिलेला नाही. नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत तुझा पगार आजचाच आहे असं धरून हिशोब कर. हप्ता डोक्यावर असलेला माणूस मुलाखतीत घाबरलेला दिसतो, आणि सहकाऱ्याशी वागतानाही त्याचा तोल लवकर जातो. ही घाई काढून टाकलीस की निम्मं ओझं आपोआप उतरेल.

तू व्यवस्थापन शिकतो आहेस, म्हणून दोन-तीन अभ्यासांबद्दल लिहिते. ते परीक्षेसाठी पाठ करू नकोस, स्वतःवर लावून बघ. १९८१ मध्ये एडवर्ड लेझिअर आणि शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञांनी बढतीची तुलना क्रीडास्पर्धेशी केली. वरच्या पदाचा पगार हे जणू बक्षीस, आणि ते मिळावं म्हणून खालची माणसं जास्त कष्ट करतात. पुढे १९८९ मध्ये लेझिअर यांनीच याची दुसरी बाजू मांडली. बक्षिसातला फरक जितका मोठा, तितका दुसऱ्याला मागे खेचण्याचा मोहही मोठा, कारण अशा स्पर्धेत स्वतः पुढे जाणं आणि दुसऱ्याला पाडणं यांचं फळ सारखंच मिळतं. त्या अहवालापाशी तू गप्प बसलास ना, तेव्हा याच मोहानं तुला गाठलं. तू मुळात वाईट आहेस असं त्यातून निघत नाही. पण मोह ओळखू आल्यानंतरही गप्प राहिलास, तर मात्र तो तुझा निर्णय ठरेल.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. लॉरेन्स पीटर यांचं तत्त्व तू अभ्यासात वाचलं असशील. १९६९ पासून ते जगभर सांगितलं जातं. खालच्या कामात चांगला म्हणून माणसाला वर चढवत जातात आणि शेवटी तो अशा पदावर पोचतो जे त्याला झेपत नाही. २०१९ मध्ये ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ज्यांची विक्री जास्त त्यांना बढती जास्त मिळत होती, पण त्यांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी मात्र घसरत होती. आणि ज्यांना इतरांबरोबर मिळून विक्री करण्याचा अनुभव जास्त होता, ते व्यवस्थापक म्हणून उजवे ठरत होते.

हे तुझ्या दुकानात आणून बघ. सहायक म्हणून तू माल लावून घेतोस, मुदत संपत आलेला माल पुढे काढतोस, काउंटरवरची भांडणं मिटवतोस. मॅनेजर झाल्यावर हे सगळं इतरांकडून करून घ्यायचं आहे. आणि हाताखालच्यांमध्ये पहिलं नाव याच माणसाचं असेल. त्यानं अर्ज केला म्हणून तू त्याच्याशी तुटक वागलास, तर सगळ्या शिफ्ट ते पाहतील. काउंटरवरची मुलं, गोदामातली माणसं यांना साहेबांच्या आधी सगळं कळतं. उद्या तू खुर्चीत बसलास की त्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येईल की हा आपल्यालाही असंच वागवेल का. उलट तो मॅनेजर झाला, तर तुला रोज त्याच्याच हाताखाली काम करायचं आहे. दोन्हीकडून बघ, या दोन महिन्यांतलं तुझं वागणं नंतर पुसता येणार नाही.

म्हणून अहवालाचं काम उद्याच करून टाक. आधी त्याच्याकडे जा. साहेबांकडे परस्पर गेलास तर ती मदत राहणार नाही, चुगली होईल. त्याला म्हण, 'गेल्या महिन्याच्या स्टॉकमध्ये हा आकडा मला चुकीचा वाटला होता, तेव्हाच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. दुरुस्तीचं पत्र आपण मिळून तयार करू.' एवढंच. लांबण लावू नकोस. तो रागावला तर ऐकून घे, त्याला तो हक्क आहे. चूक दुरुस्त होण्याची वाट पाहू नकोस, कारण स्टॉकची चूक पुढच्या महिन्याच्या मागणीत उतरते. कुठे माल कमी पडतो, कुठे अडकून पडतो, आणि तूट शोधताना ज्याचा काही संबंध नाही अशा एखाद्या पोरावर संशय येतो.

मग साहेबांकडे वेळ माग आणि सरळ विचार की या पदासाठी काय बघणार आहेत, निर्णय कोण घेणार, मुलाखत कशी असेल. यात आगाऊपणा काही नाही. बहुतेक उमेदवार हे विचारतच नाहीत आणि मनानं काहीतरी धरून तयारी करत बसतात. जे कळेल ते सहकाऱ्यालाही सांग. तुला हे कठीण जाईल, मला कल्पना आहे. तरीही सांग. दोघांनाही सारखी माहिती असताना तुला पद मिळालं, तर ते तुला जास्त मोकळेपणानं सांभाळता येईल.

तयारी म्हणून चार-पाच प्रसंग कागदावर लिहून काढ. काय अडचण होती, तू नेमकं काय केलंस, काय बदललं. आकडा असेल तर आकडा लिही, म्हणजे मालाची तूट किती होती आणि किती झाली, वगैरे. आणि या प्रसंगांपैकी निदान दोन असे निवड की ज्यात काम दुसऱ्या कुणी केलं आणि तू त्याला ते शिकवलंस किंवा त्याच्या पाठीशी उभा राहिलास. 'मी केलं, मी केलं' असं चार वर्षांचं पाढे म्हटल्यासारखं सांगत बसलास, तर समोरच्याला चांगला सहायक दिसेल, मॅनेजर दिसणार नाही. सहकाऱ्याबद्दल विचारलं तर त्याचं एक खरं चांगलं काम सांग आणि थांब.

पद त्याला मिळालं तर पहिल्या दिवशी राजीनाम्याचा विचार करू नकोस. आठवडाभरानं, ज्यांनी निर्णय घेतला त्यांनाच भेट, तुझं काय कमी पडलं ते विचार आणि लिहून घे. त्यात सुधारता येण्यासारखं काही असेल तर दुसऱ्या शाखेतली पुढची जागा कधी निघेल हेही विचार. गोलमोल उत्तर मिळालं, तर बाहेर अर्ज करायला हरकत नाही. पदवीही तोवर हातात येईल.

घराच्या बोलण्यांबद्दल आज रात्रीच घरच्यांशी बोल. मुलाखत झाली की मला कळव. आणि त्याआधी, त्या अहवालाबद्दल त्याच्याशी बोलल्यावर तो काय म्हणाला, तेही कळव.