न्यूझीलंडमध्ये सरकारी जंगलात हरणांची शिकार चालते, ती कशी काय?

कारण हरीण तिथलं नाहीच. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. तांबडी हरणं १९व्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणली. शॅमॉय, म्हणजे आल्प्समधला बकरीसारखा डोंगरी प्राणी, १९०७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने भेट म्हणून पाठवला. हे प्राणी कोवळी रोपंच खाऊन टाकतात, मग जंगल नव्याने उगवणार कुठून? म्हणून संवर्धन खातं खुल्या ठेवलेल्या सरकारी जमिनीवर शिकारीचा परवाना फुकट देतं. बंदुकीचा परवाना मात्र वेगळा लागतो.

जाणार असाल तर कळकळीने सांगतो, झुडपात हललं ते हरीणच आहे याची पूर्ण खात्री होईपर्यंत चाप ओढू नका, तिथे दुसरा शिकारीही असू शकतो. आणि पावसाने फुगलेली नदी ओलांडू नका, पाणी उतरेपर्यंत थांबा.