चार नगरसेवक आणि एक चेंबर

प्रश्न : आमच्या गल्लीत ड्रेनेजचं चेंबर उघडं आहे, झाकण तुटलंय, कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवलीय. प्रभागात नगरसेवक चार, पण एक म्हणतो दुसऱ्याला सांगा आणि दुसरा फोनच उचलत नाही. कोणाला धरायचं?

उत्तर : मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत हा घोळ आहेच, एका प्रभागातून चार जण निवडून येतात आणि मग गल्ल्या आपसात वाटून घेतात, पण ती वाटणी त्यांची त्यांची, कायद्याने चौघंही पूर्ण प्रभागाचेच! तेव्हा एकच अर्ज चौघांच्या नावाने करा, फोटो जोडा. आणि खरं सांगू का, झाकण बसवणार प्रशासनच, नगरसेवक फक्त मागे लागू शकतो, म्हणून तोच अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या आणि आपल्या कॉपीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. व्हॉट्सॲपवरचं ‘बघतो’ काही कामाचं नाही. तरी ढिम्म राहिले तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, झाकणाच्या अर्जाचं पुढे काय झालं एवढंच विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोवर फांदीला लाल फडकं बांधा.