सेंटरबोर्ड अडकतोय? आधी पिन बघा

सेंटरबोर्ड म्हणजे शिडाच्या होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी. हा बोर्ड खाली-वर होताना अडकला की नवखा माणूस दोरी जोरात ओढतो. ओढू नका. बेळगावजवळच्या हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, काठावर चिखल-खडे लागतात आणि तेच पेटीत, म्हणजे बोर्ड ज्यात सरकतो त्या खाचेत, जाऊन बसतात. होडी आडवी करून पेटी खालून धुवा, पातळ पट्टीने खरवडा. तरीही घट्टच असेल तर लाकूड फुगलंय. दोन्ही बाजूंना २-३ मिमी मोकळीक हवीच.

बोर्ड ज्या पिनवर फिरतो, त्या पिनच्या भोकातूनच पाणी बहुतेक वेळा लाकडात शिरतं. पिन काढा, बोर्ड सावलीत पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारा राळेसारखा गोंद) ओल्या लाकडाला धरत नाही. पिन १० मिमीची असेल तर भोक १६ मिमी करा, आत आधी पातळ इपॉक्सी लावा, मग सिलिका पूड घालून घट्ट केलेलं भरा. दुसऱ्या दिवशी मधोमध १० मिमीचं भोक पाडा. पेटीतलं भोक अंडाकृती झालं असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर बुश (भोकात बसणारी नळी) करून घ्या. पिन स्टेनलेसचीच घ्या. दोन्ही टोकांना रबरी वॉशर लावा, सिलिकॉनवर भरवसा नको.

मे महिन्यात एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त इपॉक्सी कालवू नका, उथळ भांड्यात ठेवा. नाहीतर डब्यातच तापून दगड होतं. बेळगावच्या पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो. आलाच तर घासण्याआधी साध्या पाण्याने धुवा. कडांना फायबरग्लासची पट्टी लावलीत तर खडकावर घासूनही लाकूड उघडं पडत नाही.