तळीतले मासे पाव किलोच्या पुढे का जात नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरीत कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) लागून दोनेक हजार चौरस मीटरची तळी आहे, दोन वर्षांपूर्वी कटला-रोहू सोडले, रविवारी पणजी-म्हापशाची माणसं पैसे भरून गळाने गरवायला येतात, पण पाव किलोच्या वर काही लागत नाही. आता आणखी कोणतं बी सोडू?

काहीच सोडू नका. आधी काढा.

मी डिचोलीचा. माझी तळी साधारण तुमच्याएवढीच. पहिल्या वर्षी हौसेने दोन हजार बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) ओतली. चौरस मीटरला एक हे प्रमाण चुकीचं नाही, पण ते रोज कोंडा-पेंड घालून वर्षभरात किलोचा मासा बाजारात नेणाऱ्याचं. गरवणाऱ्याला लागतो दांडगा मासा. तळी जेवढं पिकवते तेवढंच पिकवणार; ते दोन हजार तोंडांत वाटायचं की दोनशे, हे आपण ठरवायचं.

एक मासा हातात घेऊन नीट बघा. डोकं मोठं, डोळे बटबटीत, पाठ सुरीसारखी आणि शेपटीकडे एकदम निमुळता असेल तर तो लहान नाही, उपाशी आहे. वीतभर-सव्वा वीत लांबीवर तो अडकलाय. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, म्हणजे पाव किलोचा थेट दोन किलो.

आता खरा चोर. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांची गर्दी आपणच केलेली असते. पण बियाण्याच्या पिशवीतून चार तिलापिया आल्या की संपलं. मी पागेर (हाताने फेकायचं जाळं) टाकला तर पहिल्याच खेपेला तळहाताएवढ्या तिलापियांचा ढीग, आणि त्यातल्या माद्यांच्या तोंडात पिवळी अंडी! दोन-तीन महिन्यांची पोर इथे आई होते. तुम्हीही आधी पागेर टाकून बघा.

मे महिन्यात पाणी खाली गेलं की जाळं ओढून होईल तेवढं काढा. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणून चाळीस-पन्नास किलो चुना मारा. पावसात नवं पाणी भरलं की वीतभर लांबीची दोनशेच बोटुकली सोडा, बारीक बी नको. तिलापिया पूर्ण जात नाही, तेव्हा तिला खायला वीस-पंचवीस चणक (म्हणजे जिताडा, शिकारी मासा) सोडा. मरळही तिला खाते, पण ती तळीतच पिल्लं काढते. चणकाला अंडी घालायला खारं पाणी लागतं, त्यामुळे ती सोडली तेवढीच राहते. शिवाय गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उडी मारते, त्यासाठी पाहुणे वेगळे पैसे द्यायला तयार असतात. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये तिचं बी तयार केलं, म्हणून आज ते विकत मिळू शकतं. मात्र सगळी पिल्लं एकाच मापाची घ्या, नाहीतर मोठी लहानांना गिळतात.

पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक, स्वच्छ दिसला तर पाण्यात खायला काही नाही, शेण थोडं वाढवा. पण ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले तर शेण, पेंड सगळं बंद.

सगळ्यात जड गेला तो पाहुण्यांचा नियम. आधी माझ्याकडे ‘छोटा सोडा, मोठा न्या’ असं होतं. म्हणजे वाढणारे मासे मीच घालवत होतो. आता अर्ध्या किलोच्या आतला हवा तेवढा न्यावा, दोन किलोच्या वरचा ओल्या हाताने परत सोडावा. पहिल्याच रविवारी एकजण माझ्यावर उखडला, पैसे देऊन मासा सोडायचा काय? त्याला हुमणापुरत्या (कालवणापुरत्या) आठ तिलापिया बांधून दिल्या. त्यानेच सोडलेला कटला फाटक्या परावरून ओळखू येतो. पुढे तो आणखी दोनदा लागला, शेवटच्या खेपेला सव्वाचार किलो भरला.