आधी किल्ली, रंगाचं नंतर बघू

घरसजावटीच्या या सदरात या महिन्यात किचन ट्रॉल्या आणि हॉलचे पडदे जरा बाजूला ठेवलेत. तीन पत्रं अशी आली की बाकीची सगळी पुढच्या अंकात ढकलली. पहिल्याचं उत्तर लांबलंय, इलाज नव्हता.

प्रश्न : ताई, आमची छोटी संस्था आहे, मनमाडला. घरातून पळून आलेली मुलं इथल्या स्टेशनवर सापडतात, त्यांच्यासाठी खुलं निवारागृह सुरू करायची खटपट चाललीय. नोंदणीचे कागद दिलेत. जागा म्हणजे जुनी बैठी इमारत, एक हॉल २२ बाय ३० फूट, दोन लहान खोल्या, मागे स्वयंपाकघर, संडास-बाथरूम एकेकच. ८ ते १७ वयाचे मुलगे असतील. एक दाते म्हणतात सगळ्या भिंतींवर कार्टून काढून देतो, दुसरे २५ मुलांचे बंक बेड द्यायला तयार आहेत. माझ्या डोक्यात एकच, की हे रिमांड होम वाटता कामा नये. रंग कोणता द्यावा?

उत्तर : रंगावर येते, पण शेवटी, कारण तुमच्या यादीत तो खरंच शेवटी आहे.

रिमांड होम वाटू नये म्हणालात ते अगदी पटलं. मुंबईत डोंगरीला उमरखाडीचं बालगृह आहे ना, ती इमारत मुळात तुरुंगच. १८८२ साली टिळक-आगरकरांना १०१ दिवस ठेवलं तो डोंगरीचा तुरुंग हाच. तुरुंगाचं बालगृह करायचं हे त्या लोकांच्या नशिबी आलं, तुमची जागा तशी नाही, तर आपल्या हाताने तिचा तुरुंग करू नका एवढंच. आणि तो होतो हो, नकळत होतो. काळजीपोटीच होतो. आधी एक ग्रिल, मग त्याला कुलूप, मग चपला ऑफिसात जमा, म्हणजे पोरगं परत पळणार नाही. चपलांचा हा प्रकार मी एका ठिकाणी स्वतः बघितलाय. तीस जोड एका पोत्यात. पोरं अनवाणी पळाली, एवढाच फरक पडला.

जो पोरगा एकदा घराचं दार ओलांडून आलाय तो तुमच्याकडे आल्यावर पहिल्यांदा काय बघतो, तर दार बघतो. बाहेर कुठून जायचं आणि आत कोण येऊ शकतं, दोन्ही. कुणी मार खाऊन आलेला असतो, कुणी नापास झाला म्हणून, कुणी नुसता मुंबई बघायला, पण ही नजर सगळ्यांची सारखीच. म्हणून खाट मांडताना डोकं भिंतीकडे आणि झोपल्या झोपल्या दार दिसलं पाहिजे, हा पहिला नियम. दाराकडे पाठ करून या मुलांना झोप लागत नाही. आणि खाट ज्याची त्याला निवडू द्या, जी रिकामी असेल त्यातली. एखादा पहिल्या रात्री खाटेखाली जाऊन झोपेल, झोपू दे, फक्त खालची फरशी पुसलेली ठेवा.

आता २५ चं गणित. बाल न्याय कायद्याखालच्या केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत झोपायच्या खोलीसाठी एका मुलामागे ४० चौरस फूट धरलेत. तुमचा हॉल ६६० चौरस फूट, भागिले ४०, म्हणजे साडेसोळा. सोळा मुलं. बंक बेड टाकले की पोरं वर चढतात, जमीन काही वाढत नाही. शिवाय वरच्या बंकवर पोरगा उभा राहिला की हात सरळ सीलिंग फॅनमध्ये, जुन्या बैठ्या इमारतीत छत काही फार उंच नसतं. म्हणून सोळा सुट्या लोखंडी खाटा आणि भिंतीवरचे पंखे. लोखंडी का, तर प्लायवुडच्या बॉक्स बेडमध्ये ढेकूण शिरले की ती खोली गेलीच समजा, लोखंड उन्हात काढता येतं, गरम पाणी ओतता येतं. गाद्या पातळ घ्या, एकट्याने उचलून गच्चीत टाकता येतील अशा, कारण खरूज येणार आणि अंथरूण ओलं होणार. बारा-तेरा वर्षांचे मुलगे पण ओलं करतात, घाबरलेले असतात. रेक्झिनचं कव्हर सगळ्याच गाद्यांना घाला, एकाच गादीला घातलंत तर ती कुणाची ते अख्ख्या हॉलला कळतं. चार गाद्या आणि चादरी जादा, आणि त्या अशा कपाटात जे पोराला रात्री कुणाला न उठवता उघडता येईल.

त्याच नियमांत ५० मुलांना ८ संडास आणि ५ बाथरूम आहेत, त्या हिशोबाने तुम्हाला ३ आणि २ लागतात, आहेत एकेक. तेव्हा बंक बेडवाल्या दात्यांना चहाला बोलवा आणि मोठ्या मनाने दोन संडास आणि एक बाथरूम मागा. नाराज होतील, संडासावर नाव टाकायला कुणाला आवडत नाही. पण आतून लागणारी कडी असलेलं बाथरूम ही या मुलांना मिळणारी सगळ्यात मोठी ऐष आहे, फलाटावर राहिलेल्याला विचारा. कडी अशी बसवा की अडचणीला बाहेरून नाण्याने फिरवून उघडेल. खाली खडबडीत टाइल, गुळगुळीत व्हिट्रिफाइड नको.

आता किल्ली. प्रत्येक पोराला एक लॉकर. फॅब्रिकेटरकडून पत्र्याचे करून घ्या, दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद पुरे, आणि कुलूप-किल्ली पोराच्या हातात. डुप्लिकेट तुमच्याकडे असणार हे त्याला तोंडावर सांगायचं, आणि उघडायची वेळ आलीच तर त्याच्यासमोर उघडायचं. ब्लेड, हुंगायचं सोल्यूशन असलं काही आत जाऊ शकतं, तर बघावं लागतं, पण चोरून नाही. कल्याणच्या बाजूला एका निवाऱ्यात मी लॉकर बसवून दिले होते तेव्हाची गोष्ट, दहाएक वर्षांचा मुलगा, त्याने आत ठेवलं काय तर मोज्यात गुंडाळलेले ३७ रुपये, एक सिमकार्ड आणि अर्धा पार्ले-जीचा पुडा. किल्ली करगोट्यात ओवली. दिवसभरात किती वेळा जाऊन लॉकर उघडून बघत होता काही विचारू नका, बिस्किटं काही खात नव्हता, नुसती आहेत ना ते बघत होता. माझं त्या कामातलं बाकीचं सगळं डिझाइन, खिडकीतलं बसायचं बाक वगैरे, त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

सोल्यूशनवरून आठवलं, हे फार महत्त्वाचंय आणि आमच्या धंद्यातल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. यातली काही मुलं पंक्चरचं सोल्यूशन नाहीतर व्हाइटनर हुंगणारी असतात. आणि आपण काय करतो, ऑइलपेंट, थिनर, सनमायकाचं ते पिवळं अ‍ॅडेसिव्ह, सगळं त्याच जागेत वापरतो आणि डबे जिन्याखाली ठेवतो! सवय सोडवायला निघालेल्या पोरासमोर हे म्हणजे दारुड्याच्या घरात भट्टी लावणं झालं. मुलं यायच्या आधी काम संपवा, पंधरा दिवस खिडक्या उघड्या टाकून वास पूर्ण जाऊ द्या, रंग पाण्यातलाच घ्या, धुता येणारा प्लास्टिक इमल्शन, आणि मिस्त्रीला शेवटच्या दिवशी सगळे डबे घेऊनच जायला लावा, अर्धा भरलेला पण. पुढे कधी दुरुस्ती निघाली तरी हेच.

दोन लहान खोल्यांपैकी एक बोलायची खोली करा. नियमात तिला १२० चौरस फूट धरलेत, तुमची थोडी कमी भरली तर अधिकाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. टेबलाच्या पलीकडे साहेब आणि अलीकडे पोरगा असं मुळीच नको, तसं त्याने पोलीस चौकीत बघितलेलं असतं. मधे कॅरम ठेवा, स्ट्रायकर बघत बघत मुलं जे बोलतात ते डोळ्यात डोळे घालून कधी बोलत नाहीत. दाराला छातीच्या वर काचेची पट्टी, म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही. ही पट्टी पोराच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तुमच्या माणसाच्या पण. दुसरी खोली आजारी मुलांना आणि रात्री-अपरात्री आलेल्याला.

कारण तुम्हाला कायदा माहीतच असेल, मूल आलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर, म्हणजे त्याचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीसमोर न्यायचं. म्हणजे कित्येकांची तुमच्याकडे एकच रात्र. तुमची सगळी मांडणी त्या पहिल्या तासावर तोलून बघा. दारातून आत आल्यावर आधी काय लागतं? माझ्या मते पाणी, मग ताट, मग बादली-साबण-टॉवेल आणि धुतलेला शर्ट, फॉर्म आणि पेन सगळ्यात मागे. ऑफिस दाराशी असतं म्हणून फॉर्म पहिला येतो, बाकी काही कारण नाही. तुम्ही ऑफिसचं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला न्या. दाराशी बाक, माठ आणि चपलांचं उघडं स्टँड.

ग्रिल काढू नका, रेल्वे लाइन जवळ असेल तर भीती आहेच, पण दोन तरी खिडक्यांची ग्रिल आतून उघडणारी हवीत आणि हॉलला दुसरं दार हवं, उद्या शॉर्ट सर्किट झालं तर सोळा मुलं एका दारातून निघणार नाहीत. हे तुमच्या मिस्त्रीला दोनदा सांगा.

आणि हां, रंग. कार्टून नको. आठ वर्षांचा खूश होईल, सोळाचा पोरगा, जो दोन वर्षं हॉटेलात कपबशा विसळून आलाय, तो म्हणेल मला काय बालवाडीत आणलंय का. खालचे चार फूट मळखाऊ, विटकरी नाहीतर गडद मातकट, वर दुधाळ पांढरा. सरकारी पिवळा आणि दवाखान्याचा हिरवा सोडून काहीही चालेल. एक भिंत कोरी सोडा, खडू ठेवा. कार्टूनवाल्या दात्यांकडून भारताचा रेल्वेचा मोठा नकाशा मागून घ्या, आणि तो मुलांच्या उंचीला लावा, साहेबांच्या नाही. गावाचं नाव विचारलं तर पोरं खोटं सांगतात, नकाशासमोर दोन दिवस सोडलं की बोट आपोआप एका स्टेशनावर जातं. शेजारी १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर मोठ्या आकड्यात रंगवा.

प्रश्न : आमच्या मुलींच्या निवाऱ्यात एका कंपनीकडून फर्निचर मिळतंय. अट एवढीच की हॉलमध्ये मुलींसोबतचा उद्घाटनाचा मोठा फोटो फ्रेम करून लावायचा आणि तो त्यांच्या पेजवर पण जाणार. शिवाय सुरक्षेसाठी सगळीकडे सीसीटीव्ही देतायत. घ्यावं का? — एक अधीक्षिका, सोलापूर

उत्तर : फर्निचर घ्या, फोटो घेऊ नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही छापता-दाखवता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनीच्या लोकांना कलम सांगितलं की पटकन कळतं. त्यांना रिकाम्या खोलीचा, नव्या खाटांचा फोटो द्या. घरच्यांपासून लपून आलेल्या मुलीचा चेहरा भिंतीवर टांगायचा ही कल्पनाच मला कशीतरी वाटते, कायदा नसता तरी.

कॅमेरा गेटला, व्हरांड्याला, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला. झोपायच्या, कपडे बदलायच्या जागी आणि बाथरूमच्या आसपास नाही. त्या पैशात कपडे वाळत घालायला उन्हातली पण रस्त्यावरून न दिसणारी दोरी, प्रत्येक संडासात झाकणाचा डबा, आणि पूर्ण उंचीचा एक आरसा करा. काचेचा नको, अ‍ॅक्रिलिकचा, फुटून तुकडे हातात यायला नकोत.

प्रश्न : मॅडम, तुम्ही मागे वसतिगृहाच्या उत्तरात लिहिलं होतं की हॉलच्या लाइटची बटणं वॉर्डनच्या खोलीत ठेवा म्हणजे मुलं खेळत बसणार नाहीत. मी लहानपणी घरातून पळून दोन वर्षं अशाच एका निवाऱ्यात होतो, आता वायरिंगची कामं करतो. तिथे दहाला एकदम सगळा अंधार व्हायचा. आम्ही स्टेशनवर झोपलेली पोरं, तिथे रात्रभर उजेड आणि अनाउन्समेंट. अंधार झाला की मी बाथरूमच्या दारातली फट बघत जागा राहायचो. बटण आपल्या हातात नाही याचाच राग यायचा. तुमचं उत्तर चुकलं असं मला वाटतं. — एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : चुकलंच. मी वीजबिल आणि वॉर्डनची झोप बघून लिहिलं होतं, अंधारात जागं असलेलं पोरगं डोक्यातच नव्हतं. बटण हॉलमध्येच, मुलांच्या हाताला येईल असं, एवढं माझ्याही लक्षात आलं. पण पुढचं, वरच्या मनमाडच्या हॉलपुरतं, तुम्हीच सांगा, बाथरूमच्या वाटेवर पायाच्या उंचीला अर्ध्या वॉटचे झिरो एलईडी लावले तर पुरतात का, आणि प्रत्येक खाटेला वेगळा छोटा दिवा दिला तर सोळा पॉइंटचं वायरिंग उघड्या पट्टीत करावं की भिंत फोडून? जुनी इमारत आहे, भिंती दगडी असाव्यात. मनमाडच्या ताईंचं काम अजून सुरू व्हायचंय, तुमचं पत्र संपादकांमार्फत त्यांच्याकडे पाठवलंय. त्यांचा फोन आला तर टू-वे स्विचचं तेवढं आधी सांगा, एक दाराशी, एक शेवटच्या खाटेपाशी.