उसाआड गेलेली रेंज

प्रश्न : वाळव्यात घरापासून मळ्यातल्या पोल्ट्रीपर्यंत दोन किलोमीटर. मे महिन्यात बिनतारी लिंकसाठी ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन डिश बसवल्या, झकास चालल्या. दिवाळीपासून लिंक तुटते. डिश तर समोरासमोर दिसतात!

उत्तर : मध्ये ऊस आहे ना? मग नुसतं दिसून भागत नाही. लहरी दोरीसारख्या जात नाहीत, मध्यावर फुगतात. तुमच्या अंतराला मधोमध ही फुगवट सुमारे ५ मीटर त्रिज्येची. त्यातले निदान ३ मीटर मोकळे असायला हवेत. मे महिन्यात ऊस गुडघ्याएवढा, आता तुरा आलाय, आणि दवानं भिजलेलं पान सिग्नल खातंच. दोन डिशमधली सरळ रेषा तुऱ्याच्या वर ३ मीटर राहील इतका डिशचा पाइप चढवा. तारेचे तीन ताण द्याच. कंजूषपणा करून मी एकच दिला होता. पहिल्या वळवात डिश शेजाऱ्यांच्या गोठ्याकडे तोंड करून बसली.